अमेरिकेत पिकअप घ्यायची तर जपानी की अमेरिकन? जास्त कोणती टिकते?

जुनी घेणार असाल तर कंपनी नंतर बघा, आधी गाडीखाली शिरा. मी मिशिगनमध्ये राहतो आणि हा वाद आमच्या घरात दर थँक्सगिव्हिंगला निघतो. साडू टेक्सासमध्ये डॅलसला असतात. "जपानी असेल तर डोळे मिटून घ्या," हे त्यांचं पालुपद.

इथल्या मंडळातला कोल्हापूरकडचा एक पोरगा जुनी जपानी पिकअप बघत होता. साडूंनी फोनवरूनच पसंती देऊन टाकली: मायलेज कमी आहे, घेऊन टाक. मी म्हटलं, थांब, मी येतो. वरून गाडी चकाचक. रंगावर ओरखडा नाही, इंजिन एका सेल्फला चालू. मी पुठ्ठा अंथरून खाली शिरलो आणि हातोडीने फ्रेम, म्हणजे गाडीचा खालचा पोलादी सांगाडा, ठोकत मागे सरकत गेलो. पुढे टणटण वाजत होती. मागचा स्प्रिंगचा पाटा जिथे फ्रेमला अडकवलेला असतो तिथे आवाज एकदम बद्द झाला. आणखी एक ठोका मारला तर पापुद्रे चष्म्यावर पडले, स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला. विकणारा म्हणे, वरवरचा गंज आहे! मी पोराला खाली बोलावलं आणि त्या भोकात बोट घालायला लावलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ती गाडी मिठाने खाल्ली होती. इकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं, ते चिखलाबरोबर फ्रेमच्या पोकळीत बसतं आणि आतून पोखरतं. साडूंच्या जपानी पिकअपची फ्रेम शाबूत आहे याचं श्रेय ते जपानला देतात. ते श्रेय टेक्सासच्या हवेचं आहे. पोराने शेवटी दक्षिणेतून आलेली फोर्डची एफ-150 घेतली. साडूंना ते अजून पटलेलं नाही.

बरं, जपानी म्हणजे तरी काय? बाहेरून येणाऱ्या पिकअपवर अमेरिकेने 1964 पासून 25 टक्के कर लावला (भांडण मुळात युरोपशी, तेही कोंबड्यांवरून), त्यामुळे जपान्यांनी कारखानेच इकडे आणले. टोयोटाची टुंड्रा टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओला बनते, होंडाची रिजलाइन अलाबामात. उलट फोर्डची मॅव्हरिक बनते मेक्सिकोत.

इंजिनाचंही तेच. 2024 मध्ये टोयोटाने टुंड्रा आणि लेक्सस मिळून सुमारे एक लाख गाड्या परत बोलावल्या, कारण इंजिनात मशीनिंगचा कचरा राहिला होता. 2025 मध्ये जनरल मोटर्सने 6.2 लिटर व्ही-8 इंजिनच्या सुमारे सहा लाख बोलावल्या, तिथे क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडची भानगड. डोळे मिटून घेण्यासारखं यात कुणाचंच काही नाही.

डिझाइनमध्ये मात्र फरक आहे. जड ट्रेलर ओढायचा तर मी फोर्ड, शेव्ही (जनरल मोटर्सची शेव्हरोले), रॅम या अमेरिकन कंपन्यांच्या मोठ्या गाड्यांकडेच जाईन. इंजिन, एक्सल, हौदा यांचे जितके पर्याय तिथे मिळतात तितके टुंड्रात मिळत नाहीत. एफ-150 ची बॉडी आणि हौदा 2015 पासून ॲल्युमिनियमचा आहे, तो लाल गंजत नाही. फ्रेम पोलादीच आहे हे विसरू नका. रिजलाइनला वेगळी फ्रेमच नाही, ती मोटारीसारखी एकसंध बांधलेली आणि हौद्याखाली डिकी. चालवायला सुखाची, पण खडी-विटा वाहणाऱ्याने घेऊ नये.

आता साडूंच्या बाजूने एक गोष्ट कबूल करायला हवी: टोयोटाची छोटी पिकअप टॅकोमा जुनी झाली तरी किंमत धरून ठेवते. कोरड्या प्रदेशात राहत असाल आणि चार-पाच वर्षांत विकणार असाल तर खुशाल तीच घ्या. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्ककडे असाल तर हिवाळ्याआधी फ्रेमला लॅनोलिनचं तेल मारून घ्या. डांबरासारखं काळं जाड कोटिंग नको. त्याला तडा गेला की पाणी आत अडकतं आणि गंज दिसतही नाही. पैसे देण्याआधी गाडीचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसए या सरकारी रस्ते सुरक्षा संस्थेच्या साइटवर टाकून रिकॉलचं काम झालंय का बघा. आणि विकणारा गाडी जॅकवर चढवू देत नसेल तर तिथून सरळ निघा, कंपनी कोणतीही असो.