वाचकांचे प्रश्न : पीडीएफमधलं 'वजा' गेलं कुठे?

प्रश्न : मी तासगावजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. सराव परीक्षेसाठी एका पीडीएफमधून 'एक्सचा वर्ग − ५एक्स + ६ = ०' हे समीकरण कॉपी करून वर्डमध्ये टाकलं. घाईत तपासलं नाही. छापून आलं 'एक्स२ ५एक्स + ६ = ०'. मुलं विचारायला लागली, "बाई, हे एक्स गुणिले दोन आहे का?" पीडीएफमध्ये तर सगळं नीट दिसतं! आता पूर्ण प्रश्नपत्रिका हाताने टाइप करायची का?
— एक शिक्षिका, जि. सांगली

उत्तर : बाई, पीडीएफमध्ये समीकरण नसतंच. 'हे अक्षर इथे ठेव, ते तिथे ठेव' एवढ्याच सूचना असतात. वर्गाचा २ म्हणजे जरा वर उचललेला लहान २. कॉपी करताना उंची गळते, २ उरतो. अपूर्णांकाची आडवी रेघ तर अक्षरही नाही, नुसती काढलेली रेघ. ती येतच नाही आणि अंश-छेद एका ओळीत येऊन बसतात.

वजाची गोष्ट आणखी मजेशीर. गणिताची बरीच पुस्तकं अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत जुळवलेली असतात. तिच्या मूळ चिन्हांच्या फाँटात वजा शून्य क्रमांकाच्या घरात राहतं, आणि काही प्रोग्रॅम ते घर रिकामं समजून पुढे जातात. मोठ्या चिन्हांच्या फाँटात ८० क्रमांकावर बेरजेचा सिग्मा आहे. साध्या इंग्रजी फाँटात ८० म्हणजे 'पी'. म्हणून सिग्मा कॉपी केला की कधी कधी 'पी' उमटतो आणि इंटिग्रेशनच्या जागी 'आर' किंवा 'झेड'. युनिकोडपूर्व मराठी फाँटातला मजकूर दुसरीकडे चिकटवल्यावर जी अगम्य अक्षरं येतात, तोच हा प्रकार. मी पुण्यात बावीस वर्षं गणिताची पुस्तकं जुळवली, दोन्हींनी सारखाच छळ केलाय.

तेव्हा कॉपी-पेस्ट सोडा. आधी ज्यांनी ती पीडीएफ बनवली त्यांच्याकडे मूळ फाइल मागा, निम्म्या वेळा मिळते. नाही मिळाली तर समीकरणाचा फोटो घ्या, म्हणजे स्क्रीनशॉट. स्क्रीनवर पान भरपूर मोठं करूनच घ्या, लहान चित्रात घातांक चिखल होतात. तो मॅथपिक्स या चित्रातलं समीकरण ओळखणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाका. फुकटात हवं असेल तर पिक्स-टू-टेक आहे, पण ते बसवायला कॉम्प्युटरवाला भाचा लागेल. दोन्हींतून लेटेक्सची ओळ मिळते, म्हणजे टेकवरच आधारलेल्या खुणांच्या भाषेत लिहिलेलं समीकरण. वर्डमध्ये आल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकदम दाबलं की समीकरणाची चौकट उघडते. नव्या वर्डमध्ये तिथे लेटेक्स निवडून ओळ चिकटवा आणि 'प्रोफेशनल' करा, की त्या ओळीचं नीट मांडलेलं समीकरण होतं.

ही यंत्रं चिन्हाचं रूप बघून अंदाज बांधतात, त्यामुळे एक्स आणि गुणिले, 'व्ही' आणि ग्रीक न्यू यांत गल्लत होते. मराठी माध्यमाचं पान असेल तर १ कडे नीट बघा. माझ्याकडे त्याचा इंग्रजी नऊ झाला होता. बीजगणितातला जुना 'क्ष' दिला तर काय येईल, ते करून बघाच, करमणूक होईल.

तपासायला नुसती नजर पुरत नाही. मूळ पानावरच्या समीकरणात एक्सला एखादी किंमत द्या, मग टाइप केलेल्यात तीच द्या, उत्तरं जुळवा. पण किंमत २ घेऊ नका. दोनचा वर्गही ४ आणि दोनची दुप्पटही ४, म्हणजे घातांक खाली घसरला तरी उत्तर जुळतं. एका क्लासच्या नोट्स मी अशाच 'तपासून' दिल्या होत्या आणि सगळी प्रत परत आली. ३ घ्या. तुमच्या समीकरणात ३ घातल्यावर शून्य यायला हवं. वर्ग जाऊन दुप्पट झाली असेल तर उणे तीन येईल.