टार्निश म्हणजे नक्की काय हो?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी पाण्याच्या टँकरचा हिशोब विचारला तर सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही सोसायटीची इमेज टार्निश करताय. म्हणजे बदनामीच ना? केस होऊ शकते का माझ्यावर? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : अहो हिशोब विचारला म्हणून कसली केस, आधी शब्द बघू. टार्निश हा मूळचा धातूचा शब्द. दिवाळीला कपाटातून चांदीचं निरांजन काढलं की ते काळपट झालेलं असतं ना, तेच टार्निश. हवेतल्या गंधकाच्या वायूमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो, कुणी काही केलेलं नसतं तरी चढतो. तांबट आळीतून आणलेला तांब्या पण असाच काळवंडतो आणि मग आपण चिंच लावून घासत बसतो. म्हणून माणसांच्या बाबतीत हा शब्द बहुधा नाव, इमेज, रेप्युटेशन यांना लागतो, ‘त्याने मला टार्निश केलं’ असं इंग्रजीत सहसा म्हणत नाहीत, आपल्याकडे बरेच जण म्हणतात ते सोडा. मराठीत ‘नावाला काळिमा लागणे’ अगदी फिट बसतं, ‘बट्टा लागणे’ पण चालेल.

बदनामीला कायद्यात डिफमेशन म्हणतात, ते वेगळं. आधी आयपीसीचं कलम 499 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 356. तिथे कुणाबद्दल काहीतरी आरोप केलेला लागतो, तुम्ही तर नुसतं विचारलंय. हिशोब आला का पण शेवटी?