छोट्या विमानात काट्यांच्या डायलपेक्षा डिजिटल स्क्रीन जास्त सुरक्षित असते का?

आपोआप नाही, त्या विशिष्ट सिस्टिमचं प्रशिक्षण नसेल तर स्क्रीन उलट गोंधळात टाकते. अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था) २०१० मध्ये, २००२ ते २००६ दरम्यान बनलेल्या आठ हजारांहून अधिक छोट्या पिस्टन इंजिनाच्या विमानांचा अभ्यास मांडला. स्क्रीनवाल्यांचे एकूण अपघात कमी, पण जीवघेण्या अपघातांचा दर जास्त निघाला! डायल बिघडला तर बाकीचे सहसा चालू राहतात. स्क्रीन गेली की वेग, उंची, दिशा एकदमच दिसेनाशी होते, मग राखीव उपकरणांवर भिस्त. आणि प्रत्येक कंपनीची सिस्टिम बिघाड वेगळ्या तऱ्हेने दाखवते, हा भाग वैमानिकाला खरा जड जातो. मात्र स्क्रीनवाली विमानं लांब पल्ल्याला, बाहेर न बघता उपकरणांच्या भरवशावर होणाऱ्या उड्डाणांना जास्त वापरली जात होती, तेव्हा सगळा दोष स्क्रीनच्या माथी मारू नका.