गाडी कोणती ते शेवटी विचारा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत एकच प्रश्न आहे: परदेशात बाइकवर एकट्याने जायला कोणती गाडी घेऊ? सगळ्यांना मिळून एकच उत्तर देते. जी आत्ता सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे आणि जिचे हप्ते फिटलेत, ती. हप्ते चालू असतील तर आधी बँकेचं ना-हरकत पत्र मागा, ते मिळवण्यातच उन्हाळा जाईल. बाकीच्या प्रश्नांकडे वळू.

प्रश्न: वय ३१, आयटीत नोकरी. सहा महिन्यांची बिनपगारी रजा मिळतेय. ऐरोली ते लंडन, सगळं अंतर रस्त्याने, एकट्याने कापायचंय. ३५० सीसी पुरेल का? (ऐरोली)

गाडी पुरेल हो, रस्ता पुरणार नाही. नकाशा काढून बसा. पश्चिमेला पाकिस्तान. अटारीचं चेकपोस्ट २०२५ च्या एप्रिलपासून बंद आहे, आणि उघडं होतं तेव्हाही एमएच पासिंगची गाडी घेऊन पलीकडे जाणं आपल्याला सहजासहजी जमणारं नव्हतं. पूर्वेला म्यानमार. मणिपुरातून मोरेह-तामूमार्गे थायलंड गाठणारे रायडर पूर्वी होते; आधी कोविड आला, मग २०२१ चं लष्करी बंड, आणि ती वाट मिटली. उत्तरेला चीन. तिथे गाडी न्यायची तर तात्पुरता चिनी परवाना, तात्पुरती नंबर प्लेट आणि सीमेपासून सीमेपर्यंत तुमच्यासोबत तिथल्या एजन्सीचा गाइड. त्याची गाडी, त्याचं जेवण, त्याची खोली, सगळं तुमच्या खिशातून. दहाजण असले तर खर्च वाटला जातो. एकट्या माणसाला तो झेपत नाही, आणि गाइड सोबत असला तर ‘एकट्याने’ हा शब्दही खोडावा लागतो.

म्हणून माझा सल्ला असा की लंडनचा हट्ट ठेवा, ऐरोलीचा सोडा. गाडी समुद्राने तुर्कीला किंवा जॉर्जियाला पाठवा, आपण विमानाने जा आणि तिथून पश्चिमेकडे निघा. न्हावा-शेवा तुमच्यापासून तासाभरावर आहे, ही सोय नागपूरच्या रायडरला नाही. लाकडी खोक्यात गाडी बांधतात. भाडं बहुतेक वेळा वजनापेक्षा आकारमानावर ठरतं, म्हणून पुढचं चाक काढायचं, हँडल सैल करून आडवं करायचं, आरसे उतरवायचे. खोकं वीतभर बुटकं झालं तरी बिल उतरतं. टाकी रिकामी, बॅटरीच्या वायरी सोडवलेल्या. आणि एजंटला पहिलाच प्रश्न हा विचारा: पलीकडच्या बंदरात गाडी सोडवण्याचा खर्च यात धरलाय का? मी विचारला नव्हता. स्वस्त दर ऐकून खूश झाले, आणि तिकडे हाताळणी, गोदामभाडं, कागदांची फी असं करत समुद्रभाड्याहून जास्त रक्कम भरून गाडी हातात आली. मधल्या दिवसांचं डेमरेज, म्हणजे माल वेळेत न उचलल्याचा दंड, वेगळं.

सहा महिने असले तरी युरोपातल्या शेंगेन (एकच व्हिसा चालणाऱ्या) देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांच्या वर राहता येत नाही, आणि ब्रिटनचा व्हिसा वेगळा. तेव्हा तुर्की आणि जॉर्जियात जरा रेंगाळा. खाणं तिथलंच चांगलं आहे.

प्रश्न: कार्नेट, कार्नेट सगळे म्हणतात. ते नक्की काय असतं? डिपॉझिट बुडतं का? (कळवा)

कार्नेट म्हणजे तुमच्या गाडीचा पासपोर्ट, असं सांगायची पद्धत आहे. माझ्या मते तो गाडीचा जामीन आहे. परदेशात गाडी नेली की तिथल्या कस्टमला एकच धास्ती: हा इथे गाडी विकून पळाला तर आयातकर कोण भरणार? कार्नेट देणारी संस्था म्हणते, आम्ही भरू. आणि त्या भरवशापोटी तुमच्याकडून अनामत किंवा बँक गॅरंटी घेते. आपल्याकडे हे काम मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनमधून होतं. मुदत एक वर्ष. अनामत किती, हे गाडीची किंमत आणि तुम्ही कुठल्या देशांत जाणार यावर ठरतं. नव्याकोऱ्या महागड्या गाडीपेक्षा सहा वर्षं वापरलेली गाडी बरी, त्याचं हे आणखी एक कारण.

प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना अधिकारी एक भाग फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसऱ्या, पुस्तकात राहणाऱ्या भागावर दोन्ही वेळचे शिक्के बसतात. हा तिसरा भाग म्हणजे तुमची अनामत. एका डोंगरी सीमेवर रात्री साडेआठला, पाऊस चालू असताना, अधिकाऱ्याने मला हात हलवून ‘जा, जा’ केलं. मी गेले. चाळीस किलोमीटरवर हॉटेलात हेल्मेट काढलं, पुस्तक उघडलं, आणि बाहेर पडल्याच्या शिक्क्याची चौकट कोरी. म्हणजे कागदोपत्री माझी गाडी अजून त्याच देशात! सकाळी उठून चाळीस किलोमीटर मागे. तेव्हापासून शिक्का बसला की तिथेच टेबलावर पानाचा फोटो काढते, मागे कितीही मोठी रांग असो. शिक्का राहूनच गेला, तर परत आल्यावर कस्टमला गाडी प्रत्यक्ष दाखवून ती इथेच असल्याचा दाखला घेता येतो. पण त्यासाठी गाडी हवी.

आणि गाडीच नसेल तर? मुंबईहून निघून सतरा देश ओलांडून इंग्लंडला पोचलेल्या एका मराठी रायडरची गाडी २०२५ च्या ऑगस्टमध्ये नॉटिंगहॅममध्ये दिवसाढवळ्या चोरीला गेली, सामान आणि पासपोर्टसकट. असं झालं तर पहिल्या तासात पोलिसात तक्रार नोंदवून तिचा कागद हातात घ्या आणि कार्नेट देणाऱ्या संस्थेला कळवा. पासपोर्ट आणि कार्नेट मात्र कधीच सॅडल बॅगेत ठेवू नका. जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. चहाला उतरलात तरी जॅकेट अंगावर.

नेपाळ, भूतानला आपल्या पासिंगच्या गाडीला कार्नेट लागत नाही.

प्रश्न: बजेट बेताचं आहे. पहिलीच परदेशवारी. कुठून सुरुवात करू? (वागळे इस्टेट)

नेपाळ. नाशिक, इंदूर, शिवपुरी, झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर करत सोनौलीची सीमा. ठाण्याहून सतराशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पाच दिवस धरा. चार दिवसांत करणारे आहेत, त्यांच्या पाठीला विचारा. सीमेवर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार कार्ड चालत नाही, आणि तिथून परत फिरलेले लोक मी पाहिलेत. गाडीचं ‘भन्सार’ काढायचं, म्हणजे दिवसांच्या हिशेबाने कस्टमची पावती. दोन दिवस जास्तीचेच काढा, कारण दरड कोसळली की पावतीची तारीख थांबत नाही. पावसाळ्यात तर जाऊच नका.

निघण्याआधी विमा कंपनीला फोन करून पॉलिसीची भौगोलिक हद्द नेपाळपर्यंत वाढवून घ्या. थोडे पैसे भरून भारताची मोटार पॉलिसी नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका वगैरे शेजारी देशांपर्यंत वाढवता येते. हे एजंट आपणहून सांगत नाही.

प्रश्न: मी व्हिएतनामला भाड्याची बाइक घेऊन हा-ज्यांग लूप (उत्तरेतला डोंगरी रस्ता) करणार आहे. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढलं की झालं ना? (वाशी, वय २२)

नाही झालं. हे नीट वाच, कारण मित्र तुला उलटं सांगणार आहेत.

वाशीच्या आरटीओत हजार रुपये भरून मिळणारं परमिट १९४९ च्या जिनिव्हा करारावर चालतं. भारत त्या करारात आहे. व्हिएतनाम मात्र १९६८ च्या व्हिएन्ना कराराचं परमिट मानतो, आणि त्यात आपण नाही. दुकानदार तुला गाडी देईल, हसत देईल. रस्त्यात पोलिसाने धरलं तर दंड. तोही एक वेळ चालेल. पण घाटात पाय मोडला तर प्रवास विमा कंपनी पहिला प्रश्न विचारेल की तिथे गाडी चालवायचा वैध परवाना होता का. मग हॉस्पिटलचं बिल बाबांच्या खात्यातून.

लूप करायचाच असेल तर तिथल्या चालकाच्या मागे बसून कर, तसे चालक तिथे मिळतात. स्वतःच चालवायची असेल तर थायलंड बघ, तिथे आपलं परमिट चालतं. श्रीलंकेतही चालतं, पण तिथे ते आधी मान्य करून घ्यावं लागतं. आणि मूळ लायसन्स जवळ ठेव. परमिट म्हणजे त्याचं भाषांतर, त्याच्याशिवाय त्याला किंमत नाही.

प्रश्न: ताई, माझी मुलगी दुबईत गाडी भाड्याने घेऊन ओमानला जायचं म्हणते, एकटीच. थांबणार नाही हे मला कळलंय. मी इथून काय करू शकते? (नौपाडा)

ताई, तुम्ही ‘नको जाऊ’ म्हणण्याऐवजी हा प्रश्न विचारलात, तिथेच तिचं अर्धं काम झालं. तीन गोष्टी सांगते.

डबा द्या, पण अनारसे देऊ नका. खसखस अमिरातीत बंदी असलेल्या वस्तूंत मोडते, आणि ‘आईने दिलंय’ हे कस्टमच्या पट्ट्यावर सांगून उपयोग नसतो. चकली, मेतकूट, खसखस न घातलेले लाडू खुशाल द्या. मसाल्याच्या पुड्यांतही खसखस नाही ना, ते एकदा तपासा. औषधांचंही तसंच. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली खोकल्याची, दुखण्याची औषधं घरच्या डब्यातून सरसकट भरू नका. जी लागणारच, त्यांची अमिरातीच्या आरोग्य खात्याची परवानगी आधी काढून, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह द्या.

दुसरं म्हणजे फोन. तिकडे व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो, कॉल सहसा लागत नाही. हे आधी माहीत नसलं की पहिल्याच रात्री घरात रडारड होते. माझ्या आईने माझ्या भावाला मध्यरात्री उठवून विमानतळावर धाडायची तयारी केली होती. ठरवून घ्या: मुक्कामी पोचली की एक मेसेज आणि ठिकाण. दिवसा फोन करायचा नाही, कारण चालत्या गाडीवर खिशात वाजणारा फोन उचलायचा मोह होतो. मेसेज ठरल्या वेळेपेक्षा चार तास उशिरा आला तर काय करायचं, कुणाला विचारायचं, ते कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

तिसरं, तिला विचारा की भाड्याच्या गाडीचा विमा ओमानमध्ये चालतो का. त्यासाठीचं ‘ऑरेंज कार्ड’ दुकानातूनच मागून घ्यायचं. आणि एप्रिलनंतर जायचं म्हणत असेल तर तेव्हा मात्र खुशाल ‘नको’ म्हणा. ते ऊन आपल्या ठाण्याचं नव्हे.

प्रश्न: माझी उंची ५ फूट २ इंच, गाडी क्लासिक ३५०. निर्जन ठिकाणी आडवी पडली तर उचलणार कोण? (खारघर)

तूच. तुझ्या गाडीचं वजन १९५ किलो आहे आणि त्यावर तू बॅगा लादणार, तेव्हा हे घरी शिकून जा. एका रविवारी सकाळी जुनी गादी घे, तिच्यावर गाडी हळूच आडवी कर. मदतीला कुणी असू दे, पण हात लावायचा नाही म्हणून सांग.

इंजिन बंद, चावी बंद. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेव, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाईल. पहिला गिअर टाक, म्हणजे चाक फिरणार नाही. हँडल पूर्ण वळवून घे, खालची मूठ टाकीजवळ येईल अशी. आता गाडीकडे पाठ करून उकिडवी बस आणि ढुंगण सीटच्या कडेला टेकव. एका हातात ती खालची मूठ, दुसऱ्या हातात मागची दांडी. पाठ सरळ. हाताने ओढायचं नाहीच. पायाने जमीन ढकलत मागे मागे छोटी पावलं टाकायची. पहिली वीतभर उंची सर्वात जड, अर्ध्यावर आली की हलकी लागते. डावीकडे पडली तर स्टँडचा उपयोग नाही, तेव्हा पुढच्या ब्रेकच्या लिव्हरला जाड रबर गुंडाळून तो दाबलेला ठेव.

बॅगा लावून नाही उचलता आली तर आधी बॅगा सोड. तरीही नाही आली, तर बॅगांतलं अर्धं सामान घरी ठेव.

प्रश्न: सॅटेलाइट फोन किंवा ट्रॅकर घ्यावा का? (घोडबंदर रोड)

भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय जवळ बाळगू नका, विमानतळावरच अडकाल. आपलं सिम, तिथलं सिम आणि कागदी नकाशा.

प्रश्न: उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय किती दिवसांत होते? (कोपरी)

दोन तासांत. धोका त्यानंतर सुरू होतो. गर्दीत चूक होत नाही, कारण समोरचे सगळे उजवीकडूनच जात असतात. चूक होते पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना. हात आपसूक डावीकडे वळतो. मी टाकीवर लाल चिकटपट्टीचा बाण लावते, उजवीकडे टोक असलेला, आणि दर वेळी गाडी सुरू करताना त्याला बोट लावते. गोल चौकात उलटं फिरायचं, म्हणजे डावीकडून येणाऱ्याकडे बघायचं. मान आधी डावीकडे वळवायची सवय लावा.

परत आल्यावरही हे घोळ घालतं, ते कुणी सांगत नाही. जॉर्जियाहून येऊन चार दिवस झाले होते, सकाळी सहाला दूध आणायला स्कूटर काढली आणि तीन हात नाक्याजवळ सरळ उजव्या अंगाला जाऊन चालू लागले. समोरून रिक्षा. त्याने करकचून ब्रेक मारला, मान बाहेर काढली आणि ओरडला, “ओ ताई, कुठल्या देशातनं आलात?”