पुस्तकाएवढा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर (इनपुट, व्हॉल्यूम आणि ॲम्प एकाच डब्यात) मोठ्या, जड ॲम्प्लिफायरच्या तोडीचा असू शकतो का? माझे स्पीकर ४ ओहमचे आहेत.

असू शकतो. मी ॲम्प्लिफायरचे बोर्ड डिझाइन करतो, आणि आजच्या छोट्या ॲम्प्लिफायरमध्ये उत्तम काम झालेलं मी आतून पाहिलं आहे. मात्र डबा लहान केला की अडचण ताकदीची येत नाही. सगळे भाग एकमेकांच्या फार जवळ येतात आणि खरं इंजिनिअरिंग तिथून सुरू होतं.

आधी जुने ॲम्प्लिफायर जड का असायचे ते पाहू. समजा क्लास एबीचा, म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टर लहरीप्रमाणे कमी-जास्त उघडणारा पारंपरिक ॲम्प आहे, सप्लाय ±३५ व्होल्ट, स्पीकर ८ ओहमचा. आदर्श गणिताने त्यातून जास्तीत जास्त ७६ वॉट मिळतात. प्रत्यक्षात आपण एवढ्या जोरात ऐकत नाही. संगीतातले ठोके क्षणभर वर जातात, सरासरी खूप खाली असते. म्हणून त्याच्या एक अष्टमांश, म्हणजे साडेनऊ वॉट धरा. स्पीकरला हे साडेनऊ वॉट देताना आउटपुट ट्रान्झिस्टर सुमारे २५ वॉट उष्णतेत घालवतात. दोन चॅनेलचे झाले ५०. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) खोलीच्या तापमानापेक्षा ४० अंशांहून जास्त तापू द्यायचा नसेल, तर तो ०.८ अंश प्रति वॉटचा लागतो. म्हणजे उभ्या पात्या असलेला चांगला जाडजूड ॲल्युमिनियमचा ठोकळा. त्यात ५० हर्ट्झवर चालणारा ट्रान्सफॉर्मर. फ्रीक्वेन्सी जितकी कमी तितका गाभा मोठा, त्यामुळे निम्मं वजन तिथेच जातं.

क्लास डीने पहिली अडचण, म्हणजे उष्णतेची, सोडवली आणि स्विचिंग सप्लायने दुसरी, जड ट्रान्सफॉर्मरची. क्लास डीमध्ये आउटपुटचे मॉसफेट (स्विचसारखे वापरलेले ट्रान्झिस्टर) एकतर पूर्ण चालू असतात, नाहीतर पूर्ण बंद. सेकंदाला चार-पाच लाख वेळा ही उघडझाप होते आणि चालू-बंद वेळेच्या प्रमाणातून संगीताची लहर तयार होते. मधल्या अवस्थेत मॉसफेट जवळजवळ थांबतच नाही, त्यामुळे त्यात उष्णता फारशी साठत नाही. मोठ्या आवाजाला ९० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता सहज मिळते. सप्लायचा ट्रान्सफॉर्मरही ५० हर्ट्झऐवजी १०० किलोहर्ट्झच्या घरात चालवला की मुठीत मावतो.

आता भागांच्या शेजाराबद्दल. मॉसफेटमधला १० अँपिअरचा करंट १० नॅनोसेकंदांत एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर जातो. पीसीबीवरच्या, म्हणजे सर्किट बोर्डवरच्या एक सेंटीमीटर ट्रॅकचा इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा विरोध) ढोबळमानाने १० नॅनोहेन्री असतो. त्याला करंट बदलण्याच्या वेगाने गुणून पाहा: त्या एका सेंटीमीटरवर १० व्होल्टचा झटका उभा राहतो. म्हणूनच सप्लायचा सिरॅमिक कपॅसिटर चिपच्या पिनांना अक्षरशः चिकटून बसवावा लागतो आणि परतीचा करंट त्याच ट्रॅकच्या बरोबर खालच्या थरातून न्यावा लागतो. म्हणजे करंटचं वेटोळं अगदी चपटं राहतं. नवीन बोर्ड हातात आला की मी सगळ्यात आधी हे वेटोळं बघतो. ते ढिलं असेल तर महागडे कपॅसिटर लावून काही उपयोग होत नाही.

त्याच डब्यात फोनो, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरचं इनपुट असेल तर परीक्षा आणखी कठीण होते. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (रेकॉर्डवर फिरणाऱ्या सुईचा भाग) साधारण ५ मिलिव्होल्ट देतं आणि काही सेंटीमीटरवर स्पीकरच्या टर्मिनलला २० व्होल्ट असतात. म्हणजे चार हजार पटींचा फरक. शिवाय रेकॉर्ड वाजवताना आरआयएए या ठरलेल्या इक्वलायझेशनमध्ये खालच्या फ्रीक्वेन्सी मुद्दाम उचललेल्या असतात. १ किलोहर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झला सुमारे १७ डेसिबल जास्त गेन मिळतो. ग्राउंडचा मार्ग जरा चुकला की घुमणारा हम लगेच ऐकू येतो. छोट्या डब्यात शांत फोनो स्टेज ऐकली की मला त्या डिझायनरबद्दल मनापासून आदर वाटतो.

तुमच्या स्पीकरसाठी मात्र आउटपुट फिल्टर जास्त महत्त्वाचा आहे. स्विचिंगची फ्रीक्वेन्सी स्पीकरच्या तारेत जाऊ नये म्हणून शेवटी एक इंडक्टर आणि एक कपॅसिटर असतो. नेहमीच्या किमती १० मायक्रोहेन्री आणि १ मायक्रोफॅराड, कटऑफ सुमारे ५० किलोहर्ट्झ. ऐकण्याच्या पट्ट्याच्या बराच वर आहे, मग बिघडतं कुठे? फिल्टरचं वागणं स्पीकरच्या ओहमवर ठरतं. ब्रिज पद्धतीच्या (स्पीकरची दोन्ही टोकं उलटसुलट चालवणाऱ्या) आउटपुटला ४ ओहमचा लोड लावला तर २० किलोहर्ट्झला आवाज जवळपास अर्ध्या डेसिबलने खाली येतो. तोच ८ ओहमचा लावला की जवळपास एका डेसिबलने वर चढतो. शिवाय खऱ्या स्पीकरचा इम्पीडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा विद्युत अडथळा) फ्रीक्वेन्सीप्रमाणे बदलतच असतो. म्हणजे एकच ॲम्प एका स्पीकरवर बोथट आणि दुसऱ्यावर टोकदार वाजू शकतो. ‘क्लास डी कोरडा वाजतो’ या जुन्या तक्रारीचा काही भाग माझ्या मते इथूनच आला आहे.

यावर उपाय म्हणजे फीडबॅक (आउटपुट परत इनपुटशी ताडून चूक सुधारणं) फिल्टरच्या आधी न घेता नंतर घेणं, म्हणजे फिल्टरची चूकही फीडबॅकच्या आवाक्यात येते. ऐकायला सोपं वाटतं, पण हा फिल्टर सिग्नलची फेज फिरवतो, म्हणजे लहर मागे पडते, आणि फेज फिरली की फीडबॅकचा लूप स्वतःच ऑसिलेट व्हायला, म्हणजे आपोआप डोलायला लागतो. डिझायनर ब्रुनो पुट्झेस यांनी फिलिप्समध्ये असताना यूसीडी हे सर्किट बनवलं, त्यात या ऑसिलेशनलाच कामाला लावलं. लूप जिथे ऑसिलेट होतो, तीच स्विचिंग फ्रीक्वेन्सी धरायची. वेगळा ऑसिलेटरही लागत नाही. पुढे हायपेक्स कंपनीचं एनकोर आणि प्युरिफाय कंपनीचं आयगेनटाक्ट या त्यांच्याच कामाच्या पुढच्या पायऱ्या. ऑडिओच्या गेल्या पंचवीस वर्षांत यापेक्षा सुंदर कल्पना मला तरी दिसलेली नाही.

व्हॉल्यूमबद्दल थोडक्यात सांगतो. स्वस्त पोटेंशिओमीटर (व्हॉल्यूमच्या बटणामागचा फिरता रेझिस्टर) कमी आवाजाला डावं-उजवं सारखं ठेवत नाही. इलेक्ट्रॉनिक व्हॉल्यूमची चिप किंवा रिले लावलेली रेझिस्टरची शिडी असेल तर ही कटकट राहत नाही, आणि दोन्ही छोट्या डब्यात मावतात.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे या. छोट्या ॲम्पमध्ये बऱ्याचदा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३२५५ ही चिप असते. तिच्या डेटाशीटमध्ये ४ ओहमला प्रत्येक चॅनेलला ३१५ वॉट लिहिलेले आहेत, पण ते १० टक्के डिस्टॉर्शनला, म्हणजे आवाजातल्या बिघाडाला. १ टक्क्याला २६० आहेत. १० टक्क्यांना आवाज उघड फाटलेला असतो, म्हणून तो आकडा मी वाचतच नाही. त्यातही हे सगळं ५१ व्होल्टच्या दणकट सप्लायवर. तुमच्या ॲम्पसोबत ४८ व्होल्ट, ५ अँपिअरचा ॲडॉप्टर असेल तर हातात एकूण २४० वॉट आहेत आणि ते दोन चॅनेलमध्ये वाटले जाणार. क्षणिक ठोके कपॅसिटर सांभाळून नेतील, सलग वाजवायचं झालं तर तीच मर्यादा. त्यामुळे चिपचं नाव बघण्याआधी ॲडॉप्टरवरचा आकडा बघा.

एनएडी कंपनीचा ३०२० हा ॲम्प आठवा. १९७८ साली आलेल्या त्या साध्या इंटिग्रेटेडवर फक्त २० वॉट लिहिलेले होते, पण कमी ओहमच्या अवघड स्पीकरलाही तो भरपूर करंट पुरवायचा, म्हणून लोकांनी तो डोक्यावर घेतला. ४ ओहमच्या स्पीकरला नेमका हाच गुण लागतो.

तेव्हा विकत घेण्याआधी ४ आणि ८ ओहमच्या फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सचे आलेख शोधा. दोन्ही रेषा २० किलोहर्ट्झपर्यंत एकमेकींवर बसत असतील तर फीडबॅक फिल्टरच्या नंतरून घेतला आहे असं समजा. १ टक्का डिस्टॉर्शनला ४ ओहममध्ये दोन्ही चॅनेल एकत्र चालवून किती वॉट निघतात तेही पाहा. हे दोन्ही ठीक असेल तर वजनाकडे बघू नका, बिनधास्त घ्या. घेतल्यावर तो कोंदट कपाटात मात्र ठेवू नका. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं, आणि छोट्या डब्यात ते उष्णतेच्या अगदी शेजारी बसलेले असतात.