पहिल्या पोस्टरच्या तयारीबद्दल

रासायनिक अभिक्रिया अभियांत्रिकीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तुमचा शोधनिबंध पोस्टरसाठी स्वीकारला गेला, याचा आनंद आहे. १९५७ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या युरोपीय परिसंवादात या विषयाचे नाव रूढ झाले आणि १९७० मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय परिषदांची मालिका सुरू झाली. तरी पोस्टरसमोर थांबणारा जाणकार अजूनही पहिल्यांदा हेच विचारतो, की तुम्ही मोजलेला वेग अभिक्रियेचा आहे की विसरणाचा, म्हणजे रेणू पसरत उत्प्रेरकापर्यंत पोहोचण्याचा.

या एका प्रश्नासाठी सर्वाधिक वेळ द्यावा. ढवळण्याची गती वाढवल्यावर आणि उत्प्रेरकाचे कण बारीक केल्यावर वेग बदलत नाही, हे दाखवणारे प्रयोग हाताशी असू द्यावेत. सच्छिद्र कणांच्या आत विसरणाचा अडथळा प्रबळ असेल, तर मोजलेली सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया घडण्यासाठी रेणूंना लागणारी किमान ऊर्जा) खऱ्या मूल्याच्या सुमारे निम्मी भरते. ८० किलोजूल प्रति मोलच्या जागी ४० दिसतात आणि तापमानानुसार वेग दाखवणाऱ्या आलेखाची रेषा मात्र तशीच देखणी, सरळ येते. माझ्या पहिल्या पोस्टरवर कणांचा आकारच लिहायचा राहिला होता, आणि पुढचे संभाषण तिथेच संपले.

कार्बनचा ताळेबंद, म्हणजे आत घातलेला आणि बाहेर मिळालेला कार्बन, किती टक्के जुळतो, हेही स्पष्ट लिहावे. रंगसंगतीची फार चिंता करू नये. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील दोराईस्वामी आणि मुंबईचे एम. एम. शर्मा यांचे बहुप्रावस्था (वायू, द्रव, घन अशा एकाहून अधिक अवस्थांतील पदार्थांच्या) अभिक्रियांवरील काम मात्र निघण्यापूर्वी वाचून घ्यावे, कारण आपल्याकडून गेलेल्याला ते ठाऊक असणार, असे तिथे गृहीत धरले जाते.