सोलांच्या पाकिटावरचं नाव

बाय, अनेक आशीर्वाद.

तुझ्या सोलांच्या, म्हणजे आमसुलांच्या, पाकिटासाठी केलेल्या लेबलाचा फोटो मिळाला. माड, समुद्र, होडी आणि वर मोठ्या अक्षरांत ‘गोवा कोकम’. चित्र सुरेख आहे, पण हे लेबल छापायला देऊ नकोस. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अशीच दहा पाकिटं शेजारी शेजारी मांडली, तर त्यातलं तुझं कुठलं हे गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं? शिवाय कायद्यानेही ते नाव तुझं होणं कठीण. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ चं कलम ९ बघ. नुसतं मालाचं वर्णन करणारं किंवा माल कुठला एवढंच सांगणारं नाव सहसा नोंदवता येत नाही. गोवा सगळ्यांचा आणि कोकमही सगळ्यांचं.

तुझ्या आजीच्या घराला वाड्यावर वेगळं नाव आहे, असं तू एकदा बोलली होतीस. तेच का नको? ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर आधी शोधून बघ, त्याला पैसे पडत नाहीत. कुणी घेतलेलं नसेल तर स्वतःच्या नावावर ऑनलाइन अर्ज कर. व्यक्तीला मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये फी आहे. वाळवलेली सोलं वर्ग २९ मध्ये येतात आणि सरबताचा पाक वर्ग ३२ मध्ये, म्हणजे फी दोनदा. हात आखडता असेल तर ज्याचा खप जास्त तो वर्ग आधी घे. नोंदणी १० वर्षं टिकते, मग नूतनीकरण. नोंदणी होईपर्यंत नावापुढे ‘टीएम’ लावलंस तर चालेल, पण वर्तुळातला ‘आर’ नोंदणी झाल्याशिवाय लावू नकोस, तो गुन्हा ठरतो.

हे झालं कागदांचं. पत्र लिहायला बसले ते मात्र दुसऱ्याच गोष्टीसाठी.

एका वर्षी मे महिन्यातच पाऊस कोसळला. सोलं अंगणात वाळत होती, रसाचं तिसरं पूट नुकतंच दिलं होतं. दोन दिवसांत सगळ्यावर बुरशी. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायचे दिवस, लोकांनी आधीच सांगून ठेवलेलं. मी घाबरले. एका व्यापाऱ्याकडून सोलं उचलली आणि माझ्या पाकिटांत भरून दिली. आठवड्याने मडगावच्या एक बाई आल्या, कित्येक वर्षं माझ्याकडूनच नेणाऱ्या. भांडल्या नाहीत. “हीं तुमचीं न्हय,” एवढंच म्हणाल्या आणि उघडलेलं पाकीट माझ्या हातात ठेवून गेल्या. पुन्हा आल्या त्या तिसऱ्या मोसमात. माझ्या लेबलाचा रंग विचारला असता तर त्यांना सांगता आला नसता. माझ्या सोलांतलं मीठ मात्र त्यांच्या जिभेला पाठ होतं.

म्हणून माल कमी पडला तर ‘यंदा संपलं’ म्हणायची तयारी ठेव. एक वही घाल. किती फळांना किती मीठ, पुटं किती, ऊन किती दिवस, सगळं टिपून ठेव, कारण पुढच्या वर्षी गिऱ्हाईक तीच चव मागायला येणार. पाकिटावर तारीख, खेपेचा क्रमांक, खरं वजन आणि अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर ठळक छाप. माडापेक्षा त्याला जास्त जागा दे.

गावाचं नाव लिहू नकोस असं मी म्हणत नाही. मानकुराद आंब्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, काणकोणच्या खोला मिरचीला २०२० मध्येच. ती नावं तिथल्या सगळ्यांची मिळून. तरी आंबा घेताना आपण विचारतोच ना, कुणाच्या झाडाचा? तुझं नाव तिथे हवं. गाव खाली, बारीक अक्षरांत.

जाहिरातवाल्यांना महिना बांधून पैसे देऊ का, असं तू विचारलंस. यंदा नको. तुझ्या अंगणातल्या सुपांचे फोटो तूच काढ आणि आलेल्या प्रत्येक निरोपाला त्याच दिवशी उत्तर दे. ते पैसे चांगल्या जाड पाकिटांवर घाल. पावसाळ्यात सोलं ओलावली की सगळी मेहनत जाते.

नाव ठरलं की आधी मला कळव. आणि पहिल्या खेपेतली अर्धा किलो माझ्यासाठी बाजूला ठेव. पैसे देऊनच घेईन, उगाच वाद घालू नकोस.

तुझी,
मावशी